पत्ता : कोणालाही विचारा

मुलांनो, एक बाजार डोळ्यांसमोर आणा. त्याला ना रस्ता, ना गल्ली. दुकानं मात्र कोट्यवधी. आणि सगळीकडे मिट्ट काळोख. दुकानदार आपापला माल मांडून बसलेत, पण एकालाही हाक मारायची परवानगी नाही. बाजाराच्या तोंडाशी एकच माणूस बसलाय, मांडीवर भली जाडजूड वही घेऊन. तुम्ही त्याच्या कानात सांगायचं, "मला पतंग पाहिजे." तो वही चाळतो आणि तुम्हाला दहा दुकानं सांगतो. त्या दहांत ज्याचं नाव आलं त्याच्याकडे गिऱ्हाईक जाणार. अकराव्याकडे कुणी गेलंच, तर त्याचं नशीब.

आता असं समजा, की त्या बाजारात तुमच्या आत्याचंही दुकान आहे. तिच्या हाताला चव आहे. आणि वहीवाल्याच्या वहीत तिची एक ओळसुद्धा नाही.

मुळशीच्या अपेक्षाचं नेमकं असंच झालं होतं. ही दोन हजार आठ सालची गोष्ट. अपेक्षा तेव्हा सहावीत होती.

तिची जया आत्या धरणाजवळ खानावळ चालवायची. नाव 'रत्नाई'. ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एक कच्ची वाट आत वळते, तिच्या टोकाला पत्र्याची शेड, शेडीत चार बाकडी आणि मागे दोन चुली. धरणातल्या ताज्या मासळीचा रस्सा, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात. जेवून उठलेला माणूस हात धुवायच्या आधी बोटं चाटायचा. पण जेवायला बसणारी माणसं होती कुठे? शनिवार-रविवारी रस्त्यावरून पुण्याच्या गाड्यांची रांग लागायची आणि सरळ रिसॉर्टांकडे जायची. आत वळणाऱ्या वाटेकडे कुणी बघायचंही नाही. जया आत्या सकाळी चूल पेटवायची, दुपारपर्यंत वाट बघायची आणि संध्याकाळी उरलेला भात म्हशीपुढे ठेवायची.

दसरा झाला आणि एके दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मी घोटावड्याच्या कारखान्यात जाणार हाय. बाटल्यांना झाकनं बसवायची. मुकादम म्हनला, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनवारी येऊन सांगून जा, सोमवारपासून कामावर."

अपेक्षा ताटल्या पुसत होती. तिचा हात थांबला. "आनि खानावळ?"

"कुलूप."

"पन आत्या, आपली वेबसाइट हाय की आता."

जया आत्या हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "हाय की. आजोबानं केलीया. सहा म्हयनं झालं. ती बघून एक तरी मानूस आला का? बरं ऐक. ज्याला कुनी सांगितलेलं न्हाई, ज्याची आपली वळख न्हाई, असा एक गिऱ्हाईक त्या वेबसाइटवरनं त्या शनवारच्या आत येऊ दे. मग मी कारखान्याचं नाव काढनार न्हाई."

"एकच?"

"एकच. पन खराखुरा."

अपेक्षाने बोटांवर मोजलं. सात आठवडे होते.

वेबसाइट कशी झाली तेही सांगायला हवं. निषाद नावाचा जळगावकडचा एक तरुण हिंजवडीला कम्प्युटरच्या कंपनीत होता. रविवारी मोटारसायकल घेऊन भटकायचा त्याला नाद. एकदा वाट चुकून तो 'रत्नाई'त आला, तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि दर रविवारी यायला लागला. एकदा तोच म्हणाला, मी तुम्हाला वेबसाइट करून देतो, काही घेणार नाही. अपेक्षाच्या आजोबांना, म्हणजे नथू आजोबांना, कोण आनंद झाला. त्यांनी पौडहून फ्लेक्सच्या बोर्डाची सीडी आणली आणि निषादच्या हातात ठेवली. "ह्यात समदं हाय. ह्येच लाव." निषादने तेच लावलं.

त्यामुळे पुढच्या रविवारी निषाद आला तेव्हा अपेक्षाने त्याला भाकरीचा पहिला घाससुद्धा सुखाने खाऊ दिला नाही.

"निषाददादा, आपली वेबसाइट कुनालाच का दिसत न्हाई?"

"दिसते की. पत्ता टाकला की उघडते."

"पत्ता ज्याला म्हाईत हाय त्यो कशाला टाकंल? त्यो सरळ हितं येईल ना."

निषाद घास चावायचा थांबला. मग म्हणाला, "चल. बघूच."

खानावळीत रेंज नव्हती. सगळ्या मुळशीला ठाऊक होतं, की मोबाइल लागतो तो टेकडीवर म्हसोबाच्या दगडापाशी. तेव्हा निषाद पाठीवर लॅपटॉप, अपेक्षा पुढे, आणि नथू आजोबा काठी टेकत मागे, अशी वरात टेकडीवर निघाली. दगडापाशी बसून निषादने इंटरनेटचं काडेपेटीएवढं एक यंत्र वायरीने लॅपटॉपला जोडलं आणि ते हातभर उंच धरायला अपेक्षाला सांगितलं. बऱ्याच वेळाने एक पांढरं पान उघडलं.

"हे शोधायचं पान," निषाद म्हणाला. "लोक इथे आपल्याला काय हवं ते टाइप करतात. काय टाकू?"

"आमचं नाव टाका की," आजोबा म्हणाले. "नथू मारुती, मुळशी. समदी वळखत्यात."

निषादने टाकलं. त्यांचं काहीच आलं नाही. कुणा भलत्याच नथूची नावं आली, एक नागपूरचा, एक नाशिकचा. 'रत्नाई खानावळ' टाकलं. तेही नाही. 'मुळशी जेवण' टाकलं, तर रिसॉर्टामागून रिसॉर्ट. अपेक्षाने पुढचं पान, त्याच्या पुढचं पान असं करायला लावलं. चौदा पानं उलटली. हात अवघडला म्हणून यंत्र या हातातून त्या हातात घेतलं. 'रत्नाई'चा पत्ता नव्हता.

आजोबांचा चेहरा उतरला. निषादने मग त्यांची वेबसाइट उघडली आणि स्वतःच कपाळाला हात लावला.

ते पान म्हणजे सगळा तो फ्लेक्सच. वर देवाचं नाव. खाली भाऊकीतल्या सात जणांचे फोटो, गोल चौकटीत, आणि त्यांची नावं. दादासाहेब, बहिरू, वाल्मीक, सगुणाबाई, कैलास, जया, नथू. त्याखाली 'आपले नम्र'. अगदी तळाला 'रत्नाई खानावळ' आणि शेवटची ओळ : 'पत्ता : मुळशीत कोणालाही विचारा.'

"चूक माझीच आहे," निषाद म्हणाला. "घाईत तसंच चढवून टाकलं. अपेक्षा, नीट ऐक. शोधणारं जे यंत्र आहे ना, ते म्हणजे दारोदार फिरून वहीत टिपून घेणारा माणूस समज. प्रत्येक वेबसाइटच्या दारात जातो, लिहिलेलं वाचतो, टिपतो, पुढच्या दारात जातो. पण त्याला चित्र बघता येत नाही. चित्रातली अक्षरंसुद्धा नाही. हा अख्खा फ्लेक्स म्हणजे एक चित्र आहे. तो आला, त्याला कोरी भिंत दिसली, गेला निघून."

"मंग अक्षरं लिवा की," आजोबा म्हणाले.

"लिहू. पण आजोबा, ह्यात जेवण मिळतं असं कुठे लिहिलंय?"

"त्ये काय लिवायचं? खानावळ म्हनल्यावर जेवनच मिळनार. तितं काय हजामत करत्यात?"

"आणि पत्ता?"

"लिवलाय की. कोनालाबी विचारा. सरपंचाला विचारा न्हाईतर शेंबड्या पोराला विचारा, सांगनार."

अपेक्षा यंत्र उंच धरून उभी होती. तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "आजोबा, त्यो वहीवाला कुनाला इचारू शकत न्हाई," ती हळूच म्हणाली. "त्याला निस्तं वाचता येतंय."

निषादने तिच्याकडे बघितलं. "अगदी बरोबर."

 मग आजोबांना तोडगा सुचला. "आसं करू. मुळशी, मुळशी, मुळशी, आसं शंभरदा लिवू. लेखी जप करत्यात तसा. वहीवाल्याच्या ध्यानात येईलच."

"देवाला चालतो, आजोबा, ह्याला नाही चालत," निषाद म्हणाला. "तो म्हणतो, हा मला फसवायला बघतोय, आणि उलट खाली ढकलतो."

"मग त्याला काय चालतंय?" अपेक्षाने विचारलं.

"तोच तर प्रश्न आहे. पुण्यातला माणूस घरी बसून शोधतो तेव्हा तो कोणते शब्द लिहितो? ते शब्द आपल्या पानावर असले पाहिजेत. आणि त्या शब्दांमागे खरी माहिती असली पाहिजे."

"कोनते शब्द लिवतो?"

"मला काय माहीत? मी वाट चुकून आलो होतो."

आता तुमच्यापैकी पुष्कळ जणांनी इथे हात झटकले असते. अपेक्षाने मात्र पुढच्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर गणिताची जुनी वही घेतली, पेन्सिलीला टोक काढलं आणि ती धरणाच्या वळणावर जाऊन उभी राहिली. तिथे गाड्या थांबतात. लोक पाणी बघतात, फोटो काढतात, मक्याची कणसं खातात. पहिल्या गाडीपाशी जायला तिला धीर होईना. दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या गाडीतून एक गुबगुबीत काका उतरले आणि त्यांनीच विचारलं, "काय गं, कणीस विकतेस का?"

"न्हाई. मला विचारायचंय. घरनं निगताना कम्प्युटरवर काय शोधलं तुमी?"

काका हसले. "शाळेचा प्रकल्प आहे वाटतं? आम्ही शोधलं, घनगडला कसं जायचं. नीट कुठे काही सापडलंच नाही बघ."

तिने लिहिलं : घनगडला कसं जायचं.

मग भीड चेपली. दोन दिवसांत तिने एकेचाळीस गाड्या विचारल्या. कुणी म्हणालं, चुलीवरचं जेवण. कुणी म्हणालं, आमच्या सासूबाई मासे खात नाहीत, शाकाहारी मिळेल असं ठिकाण. एक आजी म्हणाल्या, पायऱ्या नसलेली जागा. एका मुलाने तिलाच उलट विचारलं, "तुमच्याकडे म्हैस आहे का? मला जवळून बघायचीय." तेही तिने लिहिलं. आणि बायका? बायकांमधल्या जवळजवळ प्रत्येकीने आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून एकच विचारलं, "इथे जवळपास स्वच्छ बाथरूम आहे का गं?"

रविवारी दुपारी तिने ती वही निषादपुढे उघडली. तो वाचत गेला. जया आत्या मागे उभी राहून ऐकत होती.

"एकेचाळीस गाड्या," निषाद म्हणाला. "आमच्या ऑफिसात या कामाला मीटिंगा घेतात."

"ह्यात आमचं कुनाचंच नाव न्हाई," अपेक्षा म्हणाली. "एकानंबी म्हनलं न्हाई की नथू आजोबांचं घर शोधलं."

"म्हणजे नावं काढायची," निषाद म्हणाला, "आणि हे सगळं घालायचं."

आजोबा बाकड्यावर बसले होते. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"नावं निगनार न्हाईत."

"आजोबा, फक्त वेबसाइटवरून..."

"फकस्त काय फकस्त? लग्नाच्या पत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं तर दोन पिढ्या बोलत न्हाईत लोक. दादासाहेबाचं नाव पयलं, मग बाकीच्यांचं. लावलेलं नाव मी काढलं म्हनून कळलं, तर वाल्मीक उद्यापासून मासळी दील का? जेवायला कुनी यायच्या आधी भाऊकी उठून जाईल माझ्या दारातनं."

आणि आजोबांचं काही चूक नव्हतं. ती सात माणसं नुसती फोटोतली नव्हती. त्यांच्यावरच खानावळ उभी होती.  जया आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एवढी भांडनं त्या कारखान्यापरीस जड हायेत," आणि चुलीकडे वळली.

अपेक्षा एकदा वहीकडे बघत होती, एकदा लॅपटॉपवरच्या त्या सात गोल फोटोंकडे. वाल्मीक काका. तो पहाटे धरणात जाळं टाकतो. बहिरू काका. त्याच्याच खाचरातला इंद्रायणी. सगुणाबाई आजी पाट्यावर मसाला वाटते...

"नावं काढायचीच कशाला?" ती एकदम म्हणाली. "पयलं आपली खानावळ कुटं हाय आनि काय मिळतं त्ये लिवू. खाली नावं, दादासाहेबांपासनं, हायेत तशीच. पन परत्येकाच्या नावाफुडं त्यो काय करतोय त्ये लिवायचं."

मग तिने भराभरा सांगायला सुरुवात केली. "वाल्मीक काका : रोज पहाटे धरणातनं ताजी मासळी आनतो. बहिरू काका : घरच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ देतो. सगुणाबाई आजी : पाट्यावरचा मसाला, आनि भाजी-भरीत, मासं न खानाऱ्यांसाठी. कैलास, म्हंजे आमचा बाबा : तुमची गाडी झाडाखाली लावून देतो. आत्या : चुलीवरच्या भाकऱ्या. बघ ना दादा, वहीतलं समदं येतंय."

निषादच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. "वहीवाला खूश होईल," तो म्हणाला.

"भाऊकी बी होईल," आजोबा म्हणाले. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पन दादासाहेबाफुडं काय लिवायचं? त्यो काय करतोय?"

ही मात्र खरी पंचाईत होती. दादासाहेब म्हणजे आजोबांचे थोरले चुलतभाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी यायचे, खुर्ची उन्हात ओढायचे, चहा प्यायचे आणि बोलत बसायचे. कुणी ऐको न ऐको. जया आत्या चुलीपासून म्हणाली, "लिवा, चहा पितो आनि डोकं खातो."

"कशाबद्दल बोलतात?" निषादने विचारलं.

"कशाबद्दल न्हाई ते विचार," आत्या म्हणाली. "घनगडाची वाट, तैलबैलाची भिंत, कोरीगडावरच्या तोफा. उभा जन्म गुरांमागं तितंच हिंडलाय त्यो."

अपेक्षा आणि निषाद दोघांनी एकाच वेळी वहीच्या पहिल्या ओळीकडे बघितलं. घनगडला कसं जायचं.

त्या आठवड्यात अपेक्षा रोज शाळेतून आली की दादासाहेबांच्या खुर्चीपाशी बसायची. ते सांगायचे, ती लिहायची. डांबरी रस्ता कुठे संपतो. कोणत्या वळणाला चुकायला होतं. प्यायचं पाणी कुठे मिळेल. म्हाताऱ्या माणसाने कुठपर्यंत चढावं आणि कुठे बसून राहावं. दादासाहेबांचं उभ्या आयुष्यात एवढं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते घरून स्वच्छ टोपी घालून आले आणि म्हणाले, "काल एक झरा सांगायचा ऱ्हायला. लिव."

राहिली ती बायकांची गोष्ट. खानावळीमागे संडास होता, पण कडी मोडलेली आणि दिव्याच्या जागी नुसती वायर.

"आत्या, 'स्वच्छ बाथरूम' आसं लिवायचंय."

"लिव की."

"खरं असल्याबिगर न्हाई लिवायचं. निषाददादा म्हनलाय."

जया आत्याने तिच्याकडे रोखून बघितलं. तिला कारखान्यात जायचं होतं, आणि ही पोर तिला संडासाला चुना लावायला सांगत होती. पण कुणी आपलं आवरून ठेवायला सांगितलं आणि आपण नाही म्हणालो, असं तिला जन्मात जमलं नव्हतं. दोघींनी मिळून भिंतींना चुना दिला, कैलासने नवी कडी आणि बल्ब बसवला, बाहेर पाण्याचं पिंप आणि साबणाची वडी आली. मग अपेक्षाने पानावर लिहिलं : 'बायकांसाठी आणि मुलांसाठी स्वच्छ बाथरूम. कडी आतून नीट लागते.' निषादला वाटलं, कडीचं काढावं. तिने काढू दिलं नाही.

पत्ताही बदलला. 'पौडकडून ताम्हिणीकडे जाताना धरण दिसू लागलं की डाव्या हाताला मोठं चिंचेचं झाड, तिथून आत दोन मिनिटं.' खाली खानावळीतल्या तारेच्या ठोकळ्या फोनचा नंबर. तेव्हा पुष्कळसे लोक इंग्रजी अक्षरांतच शोधायचे, म्हणून निषादने तेच सगळं सोप्या इंग्रजीतही लिहिलं. आजोबांचा आग्रह म्हणून 'कोणालाही विचारा' ही ओळ मात्र शेवटी राहिली. "ती माझ्या बाची रीत हाय," ते म्हणाले.

म्हसोबाच्या दगडापाशी बसून सगळं चढवलं तेव्हा निषाद म्हणाला, "आता एकच राहिलं. ज्या घराकडे दुसरी चार घरं बोट दाखवतात, त्या घरावर वहीवाल्याचा विश्वास जास्त. किल्ल्यांवर भटकणारी आमची एक टोळी आहे, त्यांची मोठी वेबसाइट आहे. दादासाहेबांची वाट त्यांना दाखवतो. पटली तर ते आपल्याकडे बोट दाखवतील."

त्यांना पटली. त्यांनी दादासाहेबांच्या पानाकडे बोट दाखवून वर लिहिलं, की इतकी नीट वाट आजवर कुणी सांगितली नव्हती. निषादने ते वाचून दाखवलं. दादासाहेब त्या दिवशी रोजचा दुसरा चहा मागायचं विसरले. त्यावरून सगळ्यांनी ओळखलं, की त्यांना फार आनंद झालाय.

मग सुरू झालं वाट बघणं. पहिल्या रविवारी 'मुळशी जेवण' टाकलं : काही नाही. दुसऱ्या रविवारी अपेक्षा यंत्र उंच धरून श्वास रोखून उभी, आणि नवव्या पानावर तळाला 'रत्नाई खानावळ, मुळशी'. तिने अशी उडी मारली की यंत्र निसटून रेंजच गेली. तिसऱ्या रविवारी चौथं पान. चौथ्या रविवारी दुसरं. आणि 'घनगडला कसं जायचं' टाकलं तर पहिल्याच पानावर, वरून तिसरं, दादासाहेब!

ती धावत खाली आली आणि आत्याला सांगितलं. जया आत्याने ऐकून घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"लई भारी झालं, अपे. पन मानूस?"

माणूस आला नव्हता. फोनही वाजला नव्हता. आणि पुढचा शनिवार हाच तो शनिवार होता.

त्या दिवशी अर्धी शाळा. अपेक्षा घरी आली तेव्हा जया आत्या धुतलेली साडी नेसून, पिशवीत शाळेचा दाखला आणि रेशनकार्डाची प्रत घालून तयार होती. अकराची एसटी पकडायची, पौडला बदलायची, घोटावड्याला मुकादमाला भेटायचं. चूल पेटवलेली नव्हती.

"रविवार तेवढा बघ ना आत्या."

"शनवार ठरला हुता. शब्द तुज्यासमोर दिलाय, मुकादमालाबी दिलाय," असं म्हणून आत्या कच्च्या वाटेने फाट्याकडे निघाली. आजोबा काठीशी चाळा करत बसले. दादासाहेब पहिल्यांदाच गप्प होते.

आणि फोन वाजला.

अपेक्षाने उचलला. पलीकडे एका बाईचा आवाज. "रत्नाई खानावळ का? मी जुईली बोलतेय, भूगावहून. आमच्या सोसायटीतली मंडळी उद्या घनगडला निघालीत. रस्ता शोधताना तुमचं पान मिळालं. जेवण मिळेल ना?"

अपेक्षाने आधी तेच विचारलं जे विचारायला हवं होतं. "तुमाला आमच्याबद्दल कुनी सांगितलं?"

"कुणीच नाही. कम्प्युटरवरच बघितलं. का गं?"

"निषाददादाला वळखता का तुमी? हिंजवडीचा."

"नाही बाई. कोण निषाद? बरं, आम्ही पंचवीस जण आहोत. नऊ जण शाकाहारी. लहान मुलं सात. आणि ते बाथरूमचं लिहिलंय ते खरं आहे ना? कडी लागते ना आतून?"

"लागते," अपेक्षा म्हणाली. "मी सोता लावून बघितलीया."

"मग नक्की समजू? उद्या एक वाजता?"

हो म्हणायचा अधिकार तिला नव्हता. पंचवीस माणसांचं जेवण एकाच माणसाला जमणार होतं, आणि तो माणूस फाट्यावर उभा होता. "धा मिन्टांनी परत फोन करा," ती म्हणाली, "मी विचारून सांगते." गणिताच्या वहीचं पान टरकन फाडलं, त्यावर खरडलं : पंचवीस, नऊ शाकाहारी, सात मुलं, एक वाजता. आणि ती पळत सुटली. मागून आजोबा ओरडले, "काय झालं गं?" दादासाहेबांनीच त्यांना सांगितलं, "आलं जनू कुनीतरी."

चिंचेच्या झाडापाशी एसटी येऊन थांबलेली होती. जया आत्याचा एक पाय पायरीवर, एक हात दांडीवर.

"आत्या!"

आत्याने मागे वळून बघितलं. अपेक्षाला धाप लागलेली. सांगायचं होतं खूप, तोंडातून निघालं तेवढंच. "आत्या, पंचवीस मानसांना भाकऱ्या किती लागतील?"

"साठ," आत्या न थांबता म्हणाली. भाकरीचा हिशेब तिला कधीही विचारा, तोंडपाठ असायचा. "पोरं असली तर पन्नास बास. का?"

अपेक्षाने कागद पुढे केला. आत्याने पायरीवरूनच तो वाचला. एकदा. मग पुन्हा.

"कोन हायेत?"

"भूगावचे. कुनी सांगितलेलं न्हाई. वळख न्हाई. मी विचारलं."

"नऊ जनांना भरीत लागंल," आत्या स्वतःशीच म्हणाली. "वांगी सगुणाआजीकडं हायेत का बघायला पायजे. आनि वाल्मीकला आजच सांगावं लागंल, न्हाईतर पहाटं त्यो..." ती मध्येच थांबली. तिची नजर एसटीत गेली, मग कागदावर आली. मुकादमाला दिलेला शब्द आणि अपेक्षाला दिलेला शब्द, दोन्ही तिथे त्या पायरीवर तिच्यासोबत उभे होते.

कंडक्टरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, चढताय का उतरताय? गाडी मुळशीत म्हातारी व्हायची."

आत्या ना चढली, ना उतरली. दहा मिनिटांतली चार सरली होती.

मग अपेक्षाने काय केलं, ठाऊक आहे? तिने आत्याच्या खांद्यावरची पिशवी अलगद काढून घेतली, आपल्या खांद्याला अडकवली, कंडक्टरला सांगितलं, "काका, घोटावड्याच्या मुकादमाला सांगा, जया आत्या उद्या भाकऱ्या थापायला बसनार हाय," आणि मागे वळूनसुद्धा न बघता कच्च्या वाटेने फोनकडे पळत सुटली.